सुई टोचली मावशीला, नोटीस मिळाली सिस्टरला

पोस्ट लांब आहे. पण आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी कुणाला तरी सलाईन लागलेली आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. एका सरकारी रुग्णालयात सफाईचं काम करणाऱ्या मावशी सकाळी वॉर्डातल्या चादरी गोळा करत होत्या. चादरीच्या घडीत सलाईन लावताना काढलेली सुई राहिली होती. ती मावशींच्या तळहातात घुसली. मला फोन आला, मी गेलो, हाताला पट्टी बांधलेल्या मावशींचा फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी तीन कॉलम बातमी आली : 'परिचारिकेच्या हलगर्जीपणामुळे सफाई कामगाराच्या जीवाशी खेळ'. हेडिंग माझंच होतं.

बातमी गाजली. रात्रपाळीला असलेल्या सिस्टरला कारणे दाखवा नोटीस निघाली. मग मी त्याचीही बातमी केली. 'बातमीचा दणका' असा चौकोन टाकून. तुम्हाला माहीत आहे आम्ही हे कसं करतो ते.

मावशींचं पुढे काय झालं, त्याची बातमी मात्र मी केली नाही. त्या ठेकेदाराकडे कामाला होत्या. ती सुई कोणत्या पेशंटची, हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्यामुळे सहा महिने त्यांना पुन्हा पुन्हा रक्त तपासायला जावं लागलं. गेल्या त्या दिवसाचा रोज बुडाला. घरात त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. शेवटी सगळे रिपोर्ट चांगले आले. पण सहा महिने त्या बाईने कसे काढले असतील, ते त्यांनाच ठाऊक.

हे आज आठवायचं कारण म्हणजे त्या सिस्टर परवा एका लग्नात भेटल्या. आता निवृत्त झाल्यात. मी ओळख लपवायच्या बेतात होतो, त्यांनीच हाक मारली. जेवताना शेजारी बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "दादा, तुम्ही तेव्हा माझं नाव छापलं नाहीत, पण गावाला कळायचं ते कळलंच. राग नाही आता. पण एक सांगा, ती सुई मी ठेवायची कुठे होती, हे तुम्ही एकदा तरी मला विचारलंत का?"

मी म्हटलं, "नाही सिस्टर, नाही विचारलं."

"मला तिसरा हात नव्हता हो," त्या म्हणाल्या.

पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं : कोण, काय, कुठे, कधी, का, कसं. मी त्या बातमीत 'कोण'पाशीच थांबलो होतो. 'का' आणि 'कसं' आज लिहितोय. उशीर झालाय, पण लिहितोय.

आधी सुई समजून घ्या.

आपण 'सलाईनची सुई' म्हणतो ती खरं तर हातात राहत नाही. हातात राहते ती प्लॅस्टिकची बारीक नळी. तिला कॅन्युला म्हणतात, काही ठिकाणी इंट्राकॅथ म्हणतात. नळीच्या आत स्टीलची पोकळ सुई असते. सुईचं टोक तिरकं कापलेलं असतं आणि अगदी पुढे दोन्ही बाजूंनी आणखी घासलेलं असतं, म्हणजे कातडी फाटत नाही, कापली जाते आणि कमी दुखतं. सुई शिरेत गेली की मागच्या छोट्या पारदर्शक कप्प्यात रक्त दिसतं. तो इशारा. मग सिस्टर सुई जागेवर ठेवून नळी पुढे सरकवतात आणि सुई मागे ओढून बाहेर काढतात.

नळी नव्हती तेव्हा लोखंडी सुईच शिरेत ठेवायचे. हात हलला की सुई शिरेबाहेर. म्हणून हात फळीला बांधून ठेवत. १९५० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डेव्हिड मासा नावाच्या भूलशास्त्राच्या तरुण डॉक्टरने सुईवर प्लॅस्टिकची नळी चढवायची युक्ती काढली. आजची कॅन्युला त्याच कल्पनेची नात. पुढे नळीचं प्लॅस्टिक बदललं. काही प्लॅस्टिक असं असतं, की शरीराच्या उबेने आत गेल्यावर मऊ होतं आणि शिरेला कमी बोचतं.

रंगांचंही तसंच. वॉर्डात कधी पाहिलं असेल, कुणाच्या हाताला गुलाबी टोपी, कुणाच्या हाताला निळी, बाळाच्या हाताला पिवळी. ती शोभा नाही. पिवळी म्हणजे २४ नंबर, निळी २२, गुलाबी २०, हिरवी १८. नंबर जितका मोठा तितकी नळी बारीक. गुलाबी साधारण १.१ मिलिमीटर जाड, निळी ०.९. फरक केसाएवढा वाटतो, पण नळीची आतली रुंदी निम्मी केली तर त्यातून जाणारा द्रव निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणूनच अपघातात रक्त गेलेल्या माणसाला हिरवी किंवा त्याहून मोठी करडी लावतात.

हे सगळं इतकं सविस्तर सांगतोय, कारण या दीड-दोन इंचाच्या वस्तूवर किती डोकं चालवलंय ते दिसावं. टोक, नळी, रंग, सगळं पेशंटसाठी. आता पुढचा क्षण बघा.

सुई बाहेर आली. ती पोकळ आहे, आत पेशंटचं रक्त आहे. टाके घालायची सुई भरीव असते, ती टोचली तर कमी रक्त आत जातं. पोकळ सुईतून जास्त जातं. त्या क्षणी सिस्टरचा एक हात पेशंटच्या हातावर असतो, कारण शीर दाबून धरली नाही तर नळीतून रक्त वाहतं. दुसऱ्या हातात ही उघडी सुई. आणि त्याच सेकंदाला सलाईनची नळी जोडायची आहे, वरून चिकटपट्टी लावायची आहे. पेशंट हात ओढतोय, बाळ असेल तर रडतंय, नातेवाईक "सिस्टर, लवकर करा" म्हणतायत. सुई टाकायचा डबा आणि निडल कटर कुठे? वॉर्डाच्या टोकाला, सिस्टरच्या टेबलावर.

मग सुई जाते गादीवर. किंवा ट्रेमध्ये कापसाखाली. बहुतेक वेळा दोन मिनिटांनी सिस्टर ती उचलतात. पण दोन वॉर्ड आणि एक सिस्टर अशी रात्र असेल, पलीकडे कुणाला दम लागला असेल, तर दोन मिनिटांचा अर्धा तास होतो. सकाळी चादर ओढायला मावशी येतात.

'मला तिसरा हात नव्हता' याचा अर्थ हा.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत दुखापतींचा अभ्यास करणाऱ्या जेनिन जॅगर यांनी १९८८ साली एका विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या सुई टोचण्याच्या ३२६ घटना तपासल्या. तोपर्यंत सगळीकडे एकच समज होता : कर्मचारी निष्काळजी असतात, पुन्हा पुन्हा शिकवलं की सुधारतील. जॅगरबाईंनी माणसांऐवजी वस्तू मोजल्या. कोणती सुई किती वापरली गेली आणि तिने किती जणांना टोचलं. साध्या डिस्पोजेबल सिरिंजचं प्रमाण दर लाख सुयांमागे ६.९ निघालं. सलाईनच्या नळीला जोडायच्या सुईचं ३६.७. रुग्णालय तेच, कर्मचारी तेच, ट्रेनिंग तेच. तरी एक वस्तू दुसरीपेक्षा पाचपट टोचते.

त्यातली एक तृतीयांश प्रकरणं सुईला पुन्हा टोपण लावताना घडलेली. आता टोपण परत लावायचं नाही, हा नियम त्यांनाही माहीत होता. मग का लावत होते? तर उघडी सुई हातात धरून डब्यापर्यंत जाणं त्यांना जास्त धोक्याचं वाटत होतं. म्हणजे माणूस दोन धोक्यांतला एक निवडत होता. आपण बाहेरून म्हणतो, नियम मोडला.

दहा वर्षांनी, १९९८ मध्ये, बोस्टनमधल्या कॅरन डेली या अनुभवी नर्सने पेशंटचं रक्त काढलं आणि नियमाप्रमाणे सुई डब्यात टाकायला गेल्या. डब्यातली दुसरीच सुई बोटात घुसली. त्यांना एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही झाले. ज्या हातांनी पंचवीसेक वर्षं सेवा केली, ते काम सुटलं. त्या गप्प बसल्या नाहीत, कायद्यासाठी लढल्या आणि पुढे अमेरिकेच्या नर्सेस संघटनेच्या अध्यक्षही झाल्या. नोव्हेंबर २००० मध्ये तिथे कायदा झाला : रुग्णालयाने सुरक्षित सुया तपासायच्या आणि वापरात आणायच्या, टोचण्याच्या घटनांची नोंद ठेवायची, आणि सुई निवडताना ती प्रत्यक्ष वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांचं मत घ्यायचं. हे शेवटचं वाक्य परत वाचा. युरोपनेही २०१० मध्ये असेच नियम केले.

सुरक्षित सुई म्हणजे काय, तर फार मोठं यंत्र नाही. एका प्रकारात सुई नळीतून बाहेर येता येता आतली छोटीशी स्टीलची क्लिप सरकून टोकावर आपोआप बसते. टोक झाकलं जातं. मग ती गादीवर राहिली, चादरीत गेली, तरी टोचत नाही. दुसऱ्या प्रकारात बटण दाबलं की स्प्रिंग सुईला आत ओढून घेते. फ्रान्समध्ये ६१ रुग्णालयांतल्या २ कोटींहून जास्त सुरक्षित उपकरणांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा आपोआप झाकली जाणारीच सगळ्यात कमी टोचते असं दिसलं. बटण दाबायचं असलं की घाईत ते राहून जातं. तिथेही माणसंच काम करतात.

ही क्लिपवाली कॅन्युला भारतात मिळते. मोठ्या शहरांतल्या काही खासगी रुग्णालयांत वापरतात. मग आपल्या तालुक्यात का नाही?

उत्तर एका शब्दात : दर. खरेदी निविदेने होते आणि कागदावर ज्याचा दर कमी तो पास. निविदेत 'कॅन्युला, २० नंबर' एवढंच लिहिलं असेल, तर क्लिप नसलेलीच येणार. क्लिपवाली महाग पडते, हे मी नाकारत नाही. पण हिशेब पूर्ण मांडा. एक सुई टोचली की तपासण्या, औषधं, सहा महिन्यांची वाट, बुडालेला रोज, आणि त्या घरातली भीती. हा खर्च रुग्णालयाच्या वहीत कुठे दिसतच नाही, कारण तो मावशी भरतात. वहीत फक्त सुईचा दर दिसतो.

काही डॉक्टर मित्र म्हणतील, क्लिपवाल्या कॅन्युलाची सवय व्हायला वेळ लागतो, सुरुवातीला सुई ओढताना हाताला वेगळं लागतं, ट्रेनिंग द्यावं लागेल. मान्य. द्या ट्रेनिंग. कोविडच्या लसीकरणात आपण काय केलं? एकदा वापरली की दट्ट्या अडकणारी सिरिंज वापरली. लहान मुलांच्या सरकारी लसीकरणात तर ती त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. सुई पुन्हा वापरू नका असे फलक देशभर लावलेले होते, तरी २००९ मध्ये गुजरातमधल्या मोडासा भागात वापरलेल्या सुया-सिरिंज पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस बीची साथ येऊन माणसं दगावली. फलकाने जे होत नाही ते अडकणाऱ्या दट्ट्याने होतं. पेशंटच्या बाबतीत हे आपण स्वीकारलं. कर्मचाऱ्याच्या बाबतीत अजून भिंतीवर फलकच आहे : 'सुई काळजीपूर्वक हाताळा'.

धोका किती, तेही सांगतो, कारण अफवा फार आहेत. एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. हिपॅटायटिस सी साठी बरीच वर्षं १.८ टक्के हा आकडा दिला जातो. हिपॅटायटिस बी ची लस न घेतलेल्या माणसाला बी ची लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के. आणि या तिघांत लस आहे ती फक्त बी वर. म्हणजे सगळ्यात मोठा धोका तीन डोसांत जवळपास संपवता येतो.

आणि हे ऐच्छिक नाही. २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचरा नियमांत लिहिलंय, की असा कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, वर्षातून एकदा तरी आरोग्य तपासणी करायची, आणि सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकायच्या. 'सगळ्यांना' म्हणजे ठेकेदाराच्या माणसांनाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार रुग्णालयाने कर्मचाऱ्यांना संरक्षणाची साधनं, प्रशिक्षण आणि सुई टोचल्यावर द्यायची औषधं उपलब्ध करायची आहेत. ही औषधं जितक्या लवकर तितकी बरी, शक्यतो दोन तासांत, आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. पुढे २८ दिवस घ्यायची.

आमच्या मावशींना त्या सकाळी कुणी सांगितलं होतं हे? पट्टी बांधली आणि "घाबरू नका" म्हणाले. लस घेतली होती का विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कसली लस?" हे माझ्या वहीत लिहिलेलं होतं. बातमीत मी घेतलं नाही, कारण हेडिंगला ते जुळत नव्हतं.

आता माझं म्हणणं. आपल्या तालुक्यातल्या सरकारी आणि खासगी, दोन्ही दवाखान्यांना उद्देशून :

१) सुयांचा पांढरा डबा टेबलावर नको, सलाईन लावायच्या ट्रॉलीवर हवा. सिस्टरचा हात पोचेल तिथे. याला खर्च जवळजवळ काही नाही, उद्यापासून होतं. डबा तीन चतुर्थांश भरला की बदला.

२) सफाई मावशी, वॉर्डातले मामा, कचरा उचलणारी पोरं, सगळ्यांची हिपॅटायटिस बी लस झाली का, याची यादी करा. ठेक्याच्या करारातच ही अट घाला.

३) सुई टोचली तर कुणाला फोन करायचा आणि रात्री औषध कुठे मिळेल, हे मराठीत मोठ्या अक्षरांत लावा. जखम साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, तोंडात बोट घालायचं नाही, हेही लिहा.

४) आपोआप झाकल्या जाणाऱ्या कॅन्युला निदान अपघात विभागात आणि प्रसूतिकक्षात सुरू करा. सगळ्यात जास्त घाई आणि रक्त तिथेच असतं. रुग्ण कल्याण समितीत आपले लोकप्रतिनिधी असतात, त्यांनी हा विषय एका बैठकीत तरी घ्यावा. आणि राज्य पातळीवर खरेदी करणाऱ्यांनी निविदेत क्लिपची अट टाकावी.

५) नमुना पास करताना दोन सिस्टरांना बोलवा. सही साहेबांची असते, सुई त्यांच्या हातात असते.

६) ज्या दिवशी सुई टोचते त्या दिवशी नोटीस काढू नका. नोटिशीच्या भीतीने माणूस सांगतच नाही, आणि न सांगितलं की ७२ तास निघून जातात. माझ्या बातमीने नेमकं हेच केलं. त्यानंतर त्या रुग्णालयात सुई टोचल्याचं कुणी वर कळवायलाच तयार नव्हतं, असं सिस्टरांनी मला लग्नाच्या पंगतीत सांगितलं.

आपण काय करू शकतो? दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात तीन गोष्टी विचारा : गेल्या तीन वर्षांत सुई टोचण्याच्या किती घटनांची नोंद झाली, ठेक्यावरच्या किती सफाई कामगारांना हिपॅटायटिस बी ची लस दिली, आणि कॅन्युला खरेदीच्या निविदेत सुरक्षिततेची अट आहे का. मी माझा अर्ज काल टाकलाय. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं की इथेच टाकतो, नाही आलं तर तेही टाकतो. एक आत्ताच सांगून ठेवतो, 'घटना : शून्य' असं उत्तर आलं तर टाळ्या वाजवू नका. शून्य म्हणजे टोचली नाही असं नसतं, बहुतेक वेळा लिहिली नाही असं असतं.

आणि वॉर्डात आपल्या माणसाला सलाईन लावत असतील तेव्हा "लवकर करा" म्हणू नका. पेशंटचा हात धरून ठेवा. तेवढीच मदत.

शेवटी, सिस्टर, तुम्ही फेसबुकवर आहात, पोस्ट वाचता हे तुम्हीच सांगितलंत. ती बातमी चुकली होती. तुमचं म्हणणं न घेता छापली, ही माझी चूक. पंगतीत तोंडाने म्हणता आलं नाही, म्हणून ज्या गावाने ती बातमी वाचली त्याच गावासमोर माफी मागतो.

मावशी फेसबुकवर नाहीत. त्यांच्याकडे उद्या घरी जाऊन येणार आहे.

रुग्णालयात काम करणाऱ्या कुणाला असा अनुभव आला असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. नाव येणार नाही, हा शब्द.